कृष्णमंडल आणि स्वच्छमंडल
मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील एका अवयवाच्या रक्षणाचा इतिहास

१

इ. स. १९०७ मध्ये नाशिक येथे वैद्यांचे एक संमेलन भरले. ‘आर्यभिषक्’ या ग्रंथामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले वैद्य शंकर दाजी शास्त्री पदे हे त्याचे प्रवर्तक होत. पुढे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलन या नावाने जी संस्था वाढली तिचा आरंभ नाशिकच्या या संमेलनापासून मानला जातो. त्यानंतर एक्याण्णव वर्षांनी, १९९८ मध्ये, याच नगरात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. या विद्यापीठाच्या कक्षेत आयुर्वेदाचे शालाक्यतंत्र आणि आधुनिक नेत्रशल्यविज्ञान हे दोन्ही विषय पदव्युत्तर पातळीवर शिकविले जातात. एकाच नगरातील एकाच विद्यापीठाचे दोन विद्यार्थी एकाच डोळ्याचे वर्णन दोन परिभाषांत करतात, आणि त्या परिभाषांतील शब्द परस्परांचे पर्याय आहेत असे सामान्यतः गृहीत धरतात.

या गृहीताची परीक्षा करण्यास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास विशेष उपयोगी पडतो. तो इतिहास बहुधा भिंगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो : प्रथम गढूळ भिंग मागे ढकलीत, नंतर ते काढू लागले, अखेरीस त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवू लागले. परंतु भिंगापर्यंत पोहोचण्याची वाट ज्या पारदर्शक पडद्याच्या आतून अथवा जवळून जाते, त्याचे काय झाले हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. या पडद्याला आज मराठीत स्वच्छमंडल किंवा पारपटल म्हणतात व वैद्यकीय व्यवहारात कॉर्निया म्हणतात. भिंग गढूळ झाले तर ते काढून टाकता येते. स्वच्छमंडल गढूळ झाले तर विसाव्या शतकापर्यंत त्यावर उपाय नव्हता. म्हणून भिंग दूर करताना स्वच्छमंडल कसे वाचवावे, ही प्रत्येक काळच्या शस्त्रवैद्यापुढील खरी अडचण होती. त्या अडचणीची उत्तरे कसकशी बदलत गेली आणि ती बदलत असताना भाषेत कोणते शब्द होते व कोणते नव्हते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याचे पाच मंडलांत विभाजन केले आहे : पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण आणि दृष्टी. पापण्यांचे केस, पापण्या, पांढरा भाग, काळा भाग आणि मधली बाहुली असा हा बाहेरून आत येणारा क्रम आहे. त्यांची प्रमाणेही दिलेली आहेत. कृष्णमंडल हे नेत्राच्या आयामाच्या एकतृतीयांश आणि दृष्टी ही कृष्णमंडलाच्या एकसप्तमांश, मसुराच्या डाळीएवढी, असे सांगितले आहे. एकंदर शहात्तर नेत्ररोगांपैकी चार कृष्णगत आहेत. त्यांतील सव्रण शुक्र म्हणजे आजच्या भाषेत स्वच्छमंडलाचा व्रण आणि अव्रण शुक्र म्हणजे व्रण भरल्यानंतर उरणारा पांढरा डाग, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

लिंगनाशाचा, म्हणजे पूर्ण दृष्टिनाशाचा, विचार दृष्टिगत रोगांत येतो. त्याच्या अनेक प्रकारांपैकी केवळ कफजन्य लिंगनाशावर शस्त्रकर्म विहित आहे, आणि त्यालाही अपवाद आहेत. दृष्टीत दिसणारा दोष अर्धचंद्रासारखा, घामाच्या थेंबासारखा किंवा मोत्यासारखा असेल, मध्ये पातळ अथवा रेषायुक्त असेल, दुखत असेल किंवा रक्तवर्ण असेल, तर शस्त्र लावू नये असा निर्बंध आहे.

शस्त्रकर्माचे वर्णन काटेकोर आहे. ऋतू अतिउष्ण किंवा अतिशीत नसावा. रोग्याला स्नेहन व स्वेदन दिलेले असावे. त्याला बसवून स्थिर धरावे आणि त्याने स्वतःच्या नाकाकडे पाहावे. वैद्याने यवाच्या आकाराचे टोक असलेली शलाका अंगठा, तर्जनी व मध्यमा यांनी धरावी, आणि डाव्या डोळ्यासाठी उजवा व उजव्या डोळ्यासाठी डावा हात वापरावा. शलाका आठ अंगुळे लांब, मध्यभागी सूत गुंडाळलेली, तांब्याची, लोखंडाची किंवा सोन्याची असावी. वेध योग्य झाला की आवाज होतो व पाण्याचा थेंब बाहेर येतो. त्यानंतर स्त्रीदुग्धाने सेचन करून शलाकेच्या टोकाने दृष्टिमंडलाचे लेखन करावे, रोग्याने दुसऱ्या बाजूची नाकपुडी दाबून जोराने श्वास सोडावा, आणि ढग नाहीसे झालेल्या सूर्यासारखी दृष्टी उजळली म्हणजे शलाका हळूहळू काढून घ्यावी. मग तूप लावून पट्टी बांधावी आणि रोग्याने उताणे पडून राहावे. शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे व हालचाल यांचा निषेध आहे.

या सर्व तपशिलात प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट एकच आहे : वेधाची जागा. सुश्रुत ती जागा कृष्णमंडलापासून मोजतो. काळ्या भागापासून पांढऱ्या भागाचे दोन अंश सोडून, अपांगाच्या म्हणजे बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूने, शिरांचे जाळे टाळून, फार वर नाही व फार खाली नाही अशा ठिकाणी शलाका घालावी असे तो सांगतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हेच अंतर अंगुळांत दिले आहे : कृष्णमंडलापासून अर्धे अंगूळ आणि अपांगापासून पाव अंगूळ. चुकीच्या वेधाचे परिणामही सुश्रुताने वेगवेगळे सांगितले आहेत. वेध अपांगाच्या फार जवळ झाला तर सूज, शूल व रक्तता येते. फार वर झाला तर तीव्र वेदना होते. कृष्णमंडलाच्या फार जवळ झाला तर डोळा लाल होतो आणि कृष्णमंडलास पीडा होते. यावर विरेचन, सेक व रक्तमोक्षण असे उपचार दिले आहेत.

यावरून एक गोष्ट निश्चितपणे म्हणता येते. कृष्णमंडलाला धक्का लागता कामा नये हे या शास्त्रकारांना माहीत होते, आणि केवळ सामान्य सावधगिरीचा उपदेश करण्याऐवजी त्यांनी त्यासाठी मोजता येईल असे अंतर ठरवून दिले होते. आजही डोळ्याच्या मागील पोकळीत उपकरण घालावयाचे असल्यास स्वच्छमंडलाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून प्रवेश करतात. दोन्ही पद्धतींचा हेतू एक नाही, आणि प्राचीन अंगुळाचे मिलिमीटरांत रूपांतर करून ही जागा तंतोतंत तीच होती असे सिद्ध करण्याचा प्रयत्नही व्यर्थ आहे. मात्र पांढऱ्या भागात सुरक्षित प्रवेशाचा एक अरुंद पट्टा आहे, हे अनुभवजन्य ज्ञान दोन्हीकडे समान दिसते.

३

तथापि सुश्रुताने ज्याचे रक्षण सांगितले ते कृष्णमंडल म्हणजे कॉर्निया नव्हे. येथे शब्दार्थाचा प्रश्न उपस्थित होतो.

कृष्ण हा वर्ण आहे. जिवंत डोळ्याकडे पाहिले असता जो काळा गोल दिसतो त्याचा काळेपणा स्वच्छमंडलाचा नसतो. तो त्याच्या मागे असलेल्या रंगीत पडद्याचा, परितारिकेचा, असतो. स्वच्छमंडल पारदर्शक असल्यामुळे निरोगी अवस्थेत ते दिसतच नाही. त्यातून पलीकडचे दिसते. कृष्णमंडल या नावात पुढचा पारदर्शक थर आणि मागचा काळा पडदा हे दोन्ही एकत्र सामावलेले आहेत. पुढचा थर स्वतंत्रपणे लक्षात येतो तो बिघडल्यावरच, आणि म्हणून त्याच्या निरोगी रूपाला नाव नसून त्याच्या रोगाला मात्र नाव आहे. ते नाव शुक्र. शुक्र व शुक्ल हे शब्द उज्ज्वलता दर्शविणाऱ्या एकाच कुळातील आहेत. काळ्यावर उमटलेला पांढरा डाग, असा त्याचा अर्थ होतो. मराठीत डोळ्यात फूल पडणे हा जो प्रयोग आहे त्याची दृष्टीही हीच आहे. डाग फुलासारखा पांढरा दिसतो आणि तो वरून पडल्यासारखा वाटतो. ज्या पृष्ठावर तो पडतो ते पृष्ठ बोलणाऱ्याच्या मनात वेगळे नसते.

ग्रीक, अरबी आणि लॅटिन या परंपरांत नामकरणाची रीत वेगळी आहे. ग्रीकांनी या पडद्याला शिंगासारखा म्हटले, अरबांनी शिंग या अर्थाच्या शब्दापासून कर्निया हे नाव दिले, आणि लॅटिनमधील कॉर्निया हा शब्दही शिंगवाचकच आहे. शिंगाचा पातळ कापलेला तुकडा चिवट असून प्रकाश आत येऊ देतो, हे साम्य त्यामागे आहे. असे नाव द्यावयाचे तर पडदा हाताला लागलेला असला पाहिजे. म्हणजे तेथे नाव द्रव्यावरून पडले आणि येथे दर्शनावरून. शालाक्यतंत्राची भाषा मुख्यतः जिवंत रोग्यासमोर बसलेल्या वैद्याची भाषा आहे, असे यावरून अनुमान होते.

मराठीतील प्रचलित शब्द या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. बाहुली हा शब्द संस्कृत कनीनिकेप्रमाणे, आणि लॅटिन पुपिलाप्रमाणेही, डोळ्यात दिसणाऱ्या लहानशा प्रतिबिंबावरून आला आहे. बुबुळ हा शब्द कधी बाहुलीसाठी, कधी परितारिकेसाठी तर कधी संपूर्ण काळ्या भागासाठी वापरला जातो. स्वच्छमंडलासाठी स्वतंत्र देशी शब्द मात्र रूढ दिसत नाही. रोगनामांतही अर्थांतर झाले आहे. संस्कृतात काच ही तिमिर आणि लिंगनाश यांच्या मधली, दृष्टी मंदावत जाण्याची अवस्था आहे. मराठी काचबिंदू हा शब्द मात्र डोळ्यातील दाबामुळे मज्जातंतू निकामी होणाऱ्या सर्वस्वी वेगळ्या रोगाला लावला जातो. मोतीबिंदूच्या बाबतीत तर उलटापालटच झाली आहे. मोत्यासारखा अथवा थेंबासारखा दिसणारा दोष सुश्रुताने शस्त्रकर्मास अयोग्य ठरविला होता. मराठीत आणि हिंदीत शस्त्रकर्माने बरा होणाऱ्या रोगाचेच नाव मोती आणि बिंदू या दोन शब्दांपासून बनले. मराठी शब्द थेट त्या श्लोकावरून आला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु उपमा तीच राहून तिचा वैद्यकीय संकेत बदलू शकतो, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट होते. शब्दाचे सातत्य हे ज्ञानाच्या किंवा कृतीच्या सातत्याचा पुरावा ठरत नाही.

४

कृतीचे सातत्य किती टिकले होते हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील नोंदी तपासल्या पाहिजेत. १८२६ मध्ये पीटर ब्रेटन या इंग्रज शल्यवैद्याने कलकत्त्याच्या वैद्यकीय संस्थेच्या नियतकालिकात देशी शलाकाकर्मावर विस्तृत लेख प्रसिद्ध केला. उत्तर भारतात हा व्यवसाय करणाऱ्यांस सथिये म्हणत, पंजाबात रावळ म्हणत. पुढे मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी अशा वैद्यांच्या हातून गेलेल्या शेकडो डोळ्यांची तपासणी करून १९१७ च्या सुमारास आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यांना दोन मार्ग आढळले. काही वैद्य पांढऱ्या भागातून वेध करीत, तर काही स्वच्छमंडलाच्या कडेजवळून पुढच्या बाजूने शस्त्र घालीत. सुश्रुताने जे अंतर राखण्यास सांगितले होते ते या दुसऱ्या मार्गात उरलेले नव्हते. शलाका होती, व्यवसायाची परंपरा होती, परंतु ग्रंथातील मुख्य सूचना काही हातांतून निसटली होती.

एलियट यांनी तपासलेल्यांपैकी बहुसंख्य डोळे दृष्टीला पारखे झाले होते. या निष्कर्षाकडे थोडे सावधपणे पाहावे लागते, कारण ज्याची दृष्टी सुधारली तो रोगी रुग्णालयात पुन्हा येण्याचे कारण कमी असते. तरीही एक दोष पद्धतीतच होता. वेध कितीही अचूक केला तरी भिंग डोळ्यातच राहत असे. मागच्या पोकळीत पडलेले भिंग पुढे दाह, दाबवृद्धी व दृष्टिनाश यांस कारण होई, आणि अशुद्ध शस्त्रामुळे पू होई. या पद्धतीत स्वच्छमंडल वाचले तरी डोळा वाचेलच याची शाश्वती नव्हती.

मराठी इतिहासाशी थेट संबंध असलेले एक उदाहरण या काळात तंजावर येथे सापडते. भोसले घराण्यातील सरफोजी राजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या काळात तेथे राज्य केले. सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ त्यांच्या हातून झाली आणि धन्वंतरी महाल या नावाने वैद्यकशाळा चालविली गेली. तेथील अनुभवसिद्ध उपचार तमिळ पद्यात बांधून ठेवलेल्या शरभेंद्र वैद्य ग्रंथमालेत नेत्ररोगांवर स्वतंत्र भाग आहे. त्याहून विशेष म्हणजे नेत्ररुग्णांची टिपणे आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे ग्रंथालयात जतन झाली आहेत. नेत्रवैद्यांनी अलीकडे त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे.

त्या चित्रांचे महत्त्व कलेपुरते नाही. रुग्णागणिक डोळा चितारून ठेवणे म्हणजे रोगाची अवस्था केवळ उपमेवर न सोडता ती दिसली तशी नोंदविणे होय. डाग काळ्या भागावर आहे की बाहुलीच्या आत आहे हे शब्दांत सांगताना बुबुळ हा एकच शब्द अपुरा पडतो. चित्रात तो प्रश्न सुटतो. देशी वैद्य, युरोपीय शल्यवैद्य आणि मराठी राजा यांचा हा संयोग फार काळ टिकला नाही. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. त्या पद्धतीची टिपणे पुढे महाराष्ट्रातील वैद्यकशिक्षणापर्यंत पोहोचली नाहीत, ही खेदाची गोष्ट होय.

५

दरम्यान युरोपात मोतीबिंदूविषयीची समजूतच पालटली होती. मोतीबिंदू म्हणजे भिंगापुढे उतरलेले पाणी किंवा पापुद्रा, असा समज ग्रीक-अरबी परंपरेत दीर्घकाळ होता. अरबीतील रोगनाम पाण्याच्या उतरण्याचे, आणि लॅटिन कॅटॅरॅक्टा धबधब्याचे वाचक आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ब्रिसो व मेत्र-जाँ या फ्रेंच वैद्यांनी गढूळ होते ते भिंगच, हे दाखवून दिले. त्यानंतर ते आत ढकलण्यापेक्षा बाहेर काढावे हा विचार स्वाभाविक होता. १७४७ मध्ये जाक दाव्हिएल याने तो अमलात आणला.

परंतु भिंग बाहेर काढावयाचे तर मोठे द्वार हवे. दाव्हिएलने ते स्वच्छमंडलाच्या खालच्या कडेला उघडले. छेद परिघाच्या अर्ध्याहून अधिक होता, आणि स्वच्छमंडलाची झडप वर उचलून भिंग काढावे लागे. ज्या अवयवाला स्पर्श करू नये असे प्राचीन शास्त्र सांगत होते तोच आता दरवाजा झाला. शल्यविज्ञानाच्या इतिहासातील हे एक मोठे परिवर्तन आहे. डोळ्याच्या मागील भागाला असलेला धोका कमी झाला आणि तो पुढील भागाकडे आला. छेद टाक्यांवाचून सोडला जाई, भूल नसे, रोग्याची एक हालचाल किंवा शिंक झडप विस्कटण्यास पुरेशी होती. उताणे निजण्याचा आणि शिंक टाळण्याचा सुश्रुताचा निर्बंध अगदी निराळ्या शस्त्रकर्मानंतर निराळ्या कारणाने युरोपातही पाळावा लागला.

एकोणिसाव्या शतकात हा धोका पायरीपायरीने कमी करण्यात आला. आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे याने १८६५ च्या सुमारास अरुंद पात्याची सुरी व सरळ छेद प्रचारात आणला. त्याच दशकात अमेरिकेत हेन्री विल्यम्स याने छेदाला टाका घालून पाहिला. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी डोळ्याला बधिरता आणता येते हे दाखविले. जंतुनाशनाची पद्धतीही याच काळात रूढ झाली. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते, आणि ही नवी पद्धती पश्चिम भारतात त्या मार्गाने आली.

नाशिकचे संमेलन भरले त्या सुमारास पंजाबात जालंधर येथे हेन्री स्मिथ हे दरवर्षी हजारो मोतीबिंदू काढीत होते. भिंग त्याच्या वेष्टनासह काढण्याची त्यांची रीत होती, आणि त्यासाठी ते स्वच्छमंडलावर बाहेरून आकडीने दाब देऊन भिंग छेदातून बाहेर सरकवीत. येथे स्वच्छमंडल हे केवळ द्वारही राहिले नाही. ते दाब देण्याचे साधन झाले. त्यापूर्वी दोनच वर्षे, ७ डिसेंबर १९०५ रोजी, एदुआर्द झिर्म याने ओल्मुट्झ येथे मानवी स्वच्छमंडलाचे पहिले यशस्वी रोपण केले होते. म्हणजे हा पडदा गढूळ झाला तर बदलता येतो हे ज्ञान त्याच वर्षांतले होते. मात्र ते व्यवहारात येण्यास अनेक दशके लागली.

६

या सर्व काळात स्वच्छमंडलाचे रक्षण म्हणजे त्याच्या बाह्य आकाराचे रक्षण, असे समजले जाई : छेद नीट मिटावा, पू होऊ नये, व्रण राहू नये. खरा नाजूक भाग कोणता हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमगले.

स्वच्छमंडल मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याच्या आतल्या पृष्ठावर पेशींचा एकच थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणता येईल. डोळ्यातील पाणी स्वच्छमंडलात सतत झिरपत असते आणि या पेशी ते सतत बाहेर टाकीत असतात. त्यामुळे तो पडदा कोरडासा व पारदर्शक राहतो. प्रौढ माणसात या पेशी एका चौरस मिलिमीटरला साधारणपणे दोन ते तीन हजार असतात. मनुष्याच्या डोळ्यात या पेशी नष्ट झाल्या तर त्यांच्या जागी नव्या उत्पन्न होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात. संख्या पाचशेच्या आसपास उतरली की पाणी उपसण्याचे काम थांबते, पडदा सुजतो, वर फोड येतात, आणि डोळा पुन्हा अंधुक होतो. १९६८ मध्ये डेव्हिड मॉरिस याने परावर्तित प्रकाशाने हा थर पाहण्याचे सूक्ष्मदर्शक तयार केले आणि १९७५ च्या सुमारास जिवंत रोग्याच्या डोळ्यातील पेशी मोजणे शक्य झाले. तोवर शस्त्रक्रिया निर्दोष झाली असे वाटूनही काही वर्षांनी डोळा का गढुळतो याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

शस्त्रक्रियेच्या नव्या पद्धतींनी या थरावरील संकट वाढविले होते. १९४९ मध्ये हॅरल्ड रिडले यांनी लंडन येथे कृत्रिम भिंग बसविले. पुढच्या कोठीत बसविलेल्या काही सुरुवातीच्या भिंगांनी अंतःस्तर घासला जाऊन अनेक डोळे गेले. १९६१ मध्ये पोलंडच्या क्रवाविच याने गोठविलेल्या शलाकेला भिंग चिकटवून बाहेर ओढण्याची युक्ती काढली, परंतु ती शलाका चुकून स्वच्छमंडलाला लागली तर तेही चिकटत असे. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी श्राव्यातीत कंपनांनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची पद्धती शोधली. छेद लहान झाला, पण भिंगाचे कण अंतःस्तरावर आदळू लागले आणि कंपनाच्या उष्णतेने छेदाच्या कडा भाजण्याचे भय निर्माण झाले.

यावरील उपाय एका जेलीसारख्या द्रवाच्या रूपाने आला. हायलुरॉनिक आम्ल हा पदार्थ १९३४ मध्ये कार्ल मेयर याने गाईच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून वेगळा केला होता. त्याच्या नावातील हायल हा अंश काच या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. एंद्रे बालाझ यांनी कोंबड्याच्या तुऱ्यापासून त्याचे शुद्ध द्रावण तयार केले, आणि १९८० च्या सुमारास ते हीलॉन या नावाने शस्त्रक्रियेत आले. हे द्रावण श्यान आहे आणि प्रत्यास्थही आहे. ते पुढच्या कोठीत भरले की स्वच्छमंडल व भिंग यांच्यात जाड गादी तयार होते, कोठी कोसळत नाही आणि उपकरणाचा धक्का अंतःस्तराला लागत नाही. पुढे दोन प्रकारचे द्राव वापरण्याची रीत पडली : एक पेशींना चिकटून राहणारा आणि दुसरा जागा धरून ठेवणारा. १९९९ मध्ये स्टीव्ह आर्शिनॉफ यांनी ही दुहेरी योजना मांडली.

भारतात या उपायाला आर्थिक बाजू होती. हायलुरॉनिक द्रावण महाग असल्यामुळे शिबिरांत व धर्मादाय रुग्णालयांत मिथिल सेल्युलोजच्या वर्गातील स्वस्त द्राव वापरला गेला. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाल्यानंतर शस्त्रक्रियांची संख्या वाढत गेली, तेव्हा स्वस्त आणि सुरक्षित रक्षणद्रव हा किरकोळ मुद्दा राहिला नाही. कंपनयंत्रावाचून, पांढऱ्या भागात बोगद्यासारखा लहान छेद घेऊन हाताने भिंग काढण्याची पद्धतीही भारतात मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. या छेदाला बहुधा टाका लागत नाही. तो पांढऱ्या भागात सुरू होतो आणि स्वच्छमंडलाच्या कडेतून आत उघडतो. प्रवेशाचा आरंभ कृष्णमंडलापासून थोडा दूर, शुक्लभागात, करावा या जुन्या सूचनेची येथे आठवण होते. परंतु हे सादृश्य परंपरेने आलेले नाही. शरीररचनेने ते पुन्हा भाग पाडले आहे.

७

आता नामकरणाच्या प्रश्नाकडे परत येता येईल. स्वच्छमंडल हा शब्द मराठी विश्वकोशाने स्वीकारला, आणि शालेय पाठ्यपुस्तकांनी पारपटल व स्वच्छमंडल हे दोन्ही दिले. पहिल्या शब्दात प्राचीन मंडलकल्पना राखून वर्णाच्या जागी पारदर्शकत्वाचा गुण घातला आहे. दुसऱ्यात पलीकडे नेणारा पडदा ही कल्पना आहे. दोन्ही शब्द सुघटित आहेत. कृष्णमंडलाला मात्र त्यांचा समानार्थी मानणे चूक आहे. ज्या ज्ञानाचा विषय पारदर्शक थर हा आहे ते ज्ञान कृष्णमंडल या शब्दात मावत नाही. आणि सुश्रुताचा जो व्यवहार कृष्णमंडल या दृश्य सीमेवरून अंतर मोजण्याचा होता, तो स्वच्छमंडल या शब्दाने नीट कळत नाही.

हा वाद केवळ कोशकारांपुरता नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर वैद्यांना ज्या शस्त्रक्रियांचे शिक्षण द्यावयाचे त्यांची यादी राजपत्रात दिली, आणि तीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने त्याच वर्षी डिसेंबरात त्याविरुद्ध देशव्यापी निषेध केला. एका बाजूने सुश्रुताचा दाखला देण्यात आला, दुसऱ्या बाजूने तो अप्रस्तुत ठरविण्यात आला. इतिहासाचा पुरावा यांपैकी कोणत्याही पक्षाला पूर्णपणे अनुकूल नाही. सुश्रुताने कृष्णमंडलाचे रक्षण सांगितले होते, आणि ते अचूक निरीक्षणावर आधारलेले होते, हे नाकारता येत नाही. परंतु आज ज्या एका थराचे रक्षण करावयाचे असते तो थर त्याला दिसलेला नव्हता, त्याचे शस्त्रकर्म त्या थराजवळून जात नव्हते, आणि ते शस्त्रकर्म आज कोणत्याही पक्षाला करावयाचे नाही. आजची शस्त्रक्रिया कोणीही शिको, त्याला अंतःस्तराची मोजणी, रक्षणद्रवाची निवड आणि छेदाची रचना शिकावीच लागेल. ते शिक्षण ग्रंथाच्या प्रामाण्याने मिळत नाही.

रुग्णाच्या दृष्टीनेही शब्दाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी डोळा अंधुक झाला तर मोतीबिंदू परत आला असे म्हटले जाते. प्रत्यक्षात काढलेले भिंग परत येत नाही. कृत्रिम भिंगामागचे वेष्टन गढूळ झालेले असते, अथवा स्वच्छमंडलाच्या अंतःस्तराने काम सोडलेले असते. पहिल्यावर प्रकाशकिरणांचा साधा उपाय आहे. दुसऱ्यासाठी दात्याच्या डोळ्यातील पडदा हवा. नेत्रदान म्हणजे संपूर्ण डोळा बसविणे अशी समजूत अद्याप आढळते, याचेही एक कारण असे की ज्या पडद्याचे रोपण होते त्याला घरातल्या बोलण्यात नाव नाही. निरोगी असताना न दिसणारा अवयव बोलीत निनावी राहिला, आणि त्याच्या निनावीपणामुळे त्याच्या रक्षणाची निकडही अव्यक्त राहिली.

सुश्रुताच्या काळी रक्षणाचे साधन अंतर हे होते. दाव्हिएलनंतर ते छेदाची सफाई आणि टाका हे झाले, आणि आज ते एका श्यान द्रवाची गादी हे आहे. साधने बदलली तरी भिंगापर्यंत पोहोचताना स्वच्छमंडल सांभाळण्याची अट कायम राहिली. नाशिकच्या विद्यापीठात दोन परिभाषा शेजारी शेजारी शिकविल्या जात असताना त्यांतील प्रत्येक शब्द कोणत्या काळी, काय पाहून आणि काय न पाहता तयार झाला, हे विद्यार्थ्यांना सांगितले गेले पाहिजे. कृष्णमंडल हा शब्द त्याच्या अर्थमर्यादेसह जतन करावा, आणि स्वच्छमंडल हा शब्द कोशातून दवाखान्यात व दवाखान्यातून घरात न्यावा. ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत, आणि ती करण्याचे दायित्व वैद्यांइतकेच भाषेच्या अभ्यासकांवरही आहे.